पंचमी, पण कुठली?

"पणजी कधी गेली?" असं घरातल्या थोरल्या आत्याला विचारलं तर उत्तर तोंडावर असतं: "पंचमीला." महिना कुठला, वर्ष कुठलं, असं पुढं विचारलं की आत्या जरा थांबते. मग म्हणते, "मानमोडीनंतर दोन-तीन वर्षांनी असेल." मानमोडी म्हणजे 1918ची इन्फ्लुएंझाची साथ. म्हणजे साल 1920 किंवा 1921. तिथी पक्की, साल अंदाजे. मराठी घरांतल्या बहुतेक मृत्यूंचा शोध इथूनच सुरू होतो.

ही पक्की वाटणारी तिथीही फसवी असते. पितृपक्षात महालय घालतात तो भाद्रपद वद्य पक्षात, आणि त्यासाठी माणूस ज्या तिथीला गेला तेवढीच बघतात. चैत्र शुद्ध पंचमीला गेलेल्याचं पान पंचमीलाच आणि मार्गशीर्ष वद्य पंचमीला गेलेल्याचंही पंचमीलाच. वर्षश्राद्ध नेमानं होत असेल तोवर महिना ध्यानात राहतो. ते बंद पडून नुसता महालय उरला की महिना जातो, शुद्ध-वद्य जातं, पंचमी तेवढी राहते. सवाष्ण गेलेल्या बाईचं पान अविधवा नवमीला वाढत असतील तर तिथीही गेलीच म्हणायची. आणि ज्यांची तिथी कुणालाच आठवत नाही, त्यांची सोय सर्वपित्री अमावास्येला लावलेली आहेच.

चिकाटीचा माणूस मग जुनी जंत्री काढतो. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पौष ते फाल्गुन या महिन्यांत मात्र बहुधा 79 मिळवावे लागतात, कारण तोवर जानेवारी लागलेला असतो. तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेची, हे देहूत लहान मुलगाही सांगेल. शके 1571 धरलं आणि सरळ 78 मिळवले तर 1649 येतं. ती बीज पडते मार्च 1650मध्ये. घोळ तिथंच संपत नाही. मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांवर फसली साल असतं, त्यात 590 मिळवायचे. आणि काशी-गयेच्या पंड्याच्या वहीत आपला भाद्रपद वद्य पक्ष आश्विनात सापडतो, कारण तिकडं महिना पौर्णिमेला संपतो. पणजोबांचा मृत्यू एक महिना पुढं सरकला म्हणून घरात वाद घालण्याआधी एवढं बघून घ्यावं.

वह्या अर्थात इकडंही आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांकडं घराण्यांच्या नामावळी असतात. अस्थी घेऊन कोण आलं होतं, कुणाच्या आणल्या होत्या, हे त्यांत मिळू शकतं. तिथं आडनाव सांगून भागत नाही, मूळ गाव सांगावं लागतं. तीन पिढ्या पुण्यात राहिलेल्याला नेमकं तेच माहीत नसतं.

सरकारी कागदाची वाट वेगळी. गावचे जन्म-मृत्यू गाव नमुना 14मध्ये नोंदवले जात, आणि ही जुनी रजिस्टरं तहसिलीच्या अभिलेख कक्षात सापडतात. एरवी तिकडं सहसा कुणी फिरकत नसे. 2023मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि एकाएकी ते गठ्ठे सोडले गेले. मोडी वाचणाऱ्यांना इतका भाव क्वचितच आला असेल. मेलेल्याच्या नावापुढं लिहिलेली जात जिवंतांच्या दाखल्याला कामी येऊ लागली. साधी तारीख शोधणाऱ्यालाही त्याच रजिस्टरात शिरावं लागतं. पणजीच्या नावानं नुसतं शोधून मात्र हाती काही लागत नाही. जुन्या कागदांत बाई नवऱ्याच्या नावाला 'कोम' लावून येते, जसा मुलगा बापाच्या नावाला 'बिन' लावून. मृत्यूच्या कारणापाशी बरेचदा एकच शब्द: ताप. हिवताप असो की विषमज्वर, खेड्यात निदान करायला होतं कोण?

शोध चुकतो तो मात्र बहुतेकदा जागेमुळं. मृत्यूची नोंद होते ती मृत्यू जिथं घडला तिथं; मूळ गावी नव्हे, अग्नी दिला तिथंही नव्हे. चिपळूणचा गिरणी कामगार परळच्या केईएममध्ये गेला आणि त्याला गावी नेऊन दहन केलं, तरी ग्रामपंचायतीच्या दप्तरात तो सापडायचा नाही. त्याची नोंद मुंबई महापालिकेच्या एफ दक्षिण विभागात. वारसाच्या नोंदीसाठी हेलपाटे घालणाऱ्यांना हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं. 1969च्या कायद्याप्रमाणं 21 दिवसांत खबर द्यावी लागते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. रजिस्टरातला शोध कुणालाही मागता येतो, फक्त मिळणाऱ्या उताऱ्यात मृत्यूचं कारण उघड करायचं नाही, असं याच कायद्यात आहे.

या सगळ्यापेक्षा जास्त माहिती कधी कधी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या चार ओळींत असते. पारशी समाज याबाबतीत फार व्यवस्थित. 1822 साली निघालेलं 'मुंबई समाचार' आणि 1832चं 'जामे जमशेद' ही त्यांची मयताच्या बातम्यांची हक्काची ठिकाणं. मराठी निधनवार्तेचा साचा ठरलेला आहे: 'त्यांच्या पश्चात दोन मुलगे, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.' खरा ऐवज त्याच्या पुढच्या वाक्यात असतो: अमुक बँकेतल्या तमुक यांच्या त्या मातोश्री होत, आणि फलाण्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या सासूबाई. नातं जोडणाऱ्याला यात हरवलेली माहेरं आणि दुरावलेल्या शाखा सापडतात.

अशी कात्रणं घरोघर जपलेली असतात, पोथीत नाहीतर तसबिरीच्या मागं. कापणाऱ्यानं मजकुराभोवती अगदी नीट कात्री फिरवलेली असते आणि पानाच्या माथ्यावरची तारीख नेमकी बाहेर राहिलेली असते. आत छापलेलं असतं, 'काल पहाटे निधन झाले.' तेव्हा कात्रण उलटं करून बघावं. मागं एखाद्या सिनेमाची अर्धी जाहिरात निघाली, तर निदान साल तरी काढता येतं.