रंग पाहावा की रचना?

टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी रंगाच्या कारखान्यांत नित्य वापरली जाते. १९७२ मध्ये फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी याच द्रव्याच्या स्फटिकावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन घडविल्याचे प्रसिद्ध केले, आणि प्रकाश-उत्प्रेरक म्हणून तिची कीर्ती झाली. तिच्या साहाय्याने पाण्यातील सेंद्रिय घाणही नष्ट करता येते. मात्र तिला अतिनील किरण लागतात, व सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम शेकडा चार-पाच! म्हणून तिच्यात लोहासारखा धातू किंचित मिसळतात. भुकटी पिवळसर होते, दृश्य प्रकाश शोषू लागते, आणि तेवढ्यावरच तिचा गौरव सुरू होतो. ही घाई उचित नव्हे.

या द्रव्यातील अणूंची मांडणी निसर्गात तीन प्रकारची आढळते: अनाटेस, रुटाइल व ब्रुकाइट. जलशुद्धीच्या कामी बहुधा अनाटेस सरस ठरते. परंतु शुद्ध भुकटी सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली की तिचे रुटाइल होऊ लागते, आणि निवल्यावर ती पूर्वरूपास येत नाही. मिसळलेल्या धातूचा खरा प्रभाव येथे दिसतो. टायटॅनियमच्या आयनावर चार धनभार असतात, लोहाच्या आयनावर तीन. आकार जवळपास सारखा असल्याने लोह टायटॅनियमच्या जागी बसते खरे, पण भाराचा मेळ राखण्यासाठी ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. खच्चून भरलेल्या आगगाडीच्या डब्यात दोन-चार जागा मोकळ्या झाल्या की उतारूंची हालचाल सुकर होते. तद्वत येथे अणूंची फेरमांडणी सुकर होऊन रुटाइल कमी उष्णतेतच अवतरते. झिर्कोनियम याच्या उलट हे रूपांतर लांबविते.

तेव्हा एकाच भट्टीत सारख्याच तापविलेल्या दोन भुकट्यांची तुलना करताना गुणदोष धातूचे की बदललेल्या रचनेचे, हे क्ष-किरणांनी तपासल्यावाचून सांगणे व्यर्थ होय. (रुटाइल सर्वस्वी त्याज्य असते असेही नाही, दोहोंचे मिश्रण कित्येकदा उत्तम काम देते.) मात्रेचाही प्रश्न आहेच. १९९४ मध्ये अमेरिकेत एकवीस धातूंचे आयन पारखले गेले, तेव्हा अर्ध्या टक्क्याच्या आतील लोहाने भुकटीची क्षमता वाढविली, तर कोबाल्ट व ॲल्युमिनियम यांनी ती घटविली.

मिथिलीन ब्लूसारख्या रंगद्रव्याचे पाणी फिके पडले, हा पुरावाही अपुराच. ते रंगद्रव्य स्वतःच दृश्य प्रकाश शोषते; त्यामुळे भुकटीने तो प्रकाश मुळीच शोषला नसतानाही रंग उडू शकतो.