गडावर पायीच चला

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण शाळेपासून निबंधात वापरत आलो. माणसांविषयी ती खरी असेल. डोंगरांविषयी मात्र साफ खोटी आहे, असे माझे मत आहे. डोंगर साजरा दिसतो तो जवळूनच. मात्र त्याला तीन अटी आहेत : भल्या सकाळी जावे, पायी जावे आणि गलबला न करता जावे.

राजहंसगड, म्हणजे आपला येळ्ळूरगड, पाहिला नाही असा विद्यार्थी बेळगावात विरळाच. शहरापासून तो सुमारे १५ किलोमीटरवर. माथ्यापर्यंत गाडीरस्ता झाला, २०२३ साली तेथे शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि वर्दळ वाढली. वाढू दे. गुडघे दुखणाऱ्या आजीला सिद्धेश्वराचे दर्शन त्या रस्त्यामुळेच घडते. त्याला नावे ठेवण्याचा हक्क मला नाही. पण विशीतल्या, धडधाकट पायांच्या आपण मंडळींनी दुचाकीवरून भुर्रकन वर जावे, चार फोटो काढावेत, स्पीकरवर गाणी लावावीत आणि अर्ध्या तासात खाली यावे, याला गड पाहणे म्हणायचे काय?

मित्रहो, एकदा पायथ्यापासून चालत निघा. पाऊस सरून भात पोटरीला आले असेल असा एखादा रविवार निवडा. उजाडायला अजून अवकाश असतो. गवतातून जाताना दवाने विजार गुडघ्यापर्यंत भिजते. पायांखाली जांभ्याची तांबडी खडी करकरते. कोठेतरी टिटवी ओरडते आणि पुन्हा सारे शांत होते. निम्म्या चढावर थांबून मागे वळून पाहावे. येळ्ळूर, वडगाव, शहापूरचे शिवार धुक्याखाली झाकलेले असते. बेळगावच्या ज्या बासमतीचे नाव आपण अभिमानाने सांगतो, तो त्या धुक्याखाली उभा असतो. मग सूर्य वर येतो, धुके विरते आणि बांधामागून बांध दिसू लागतो. दुचाकीवरच्या माणसाला यातले काय मिळते? वारा आणि वळणे.

माथ्यावरून पश्चिमेला खानापूरकडचे डोंगर दिसतात. त्याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेकडे वळून कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. त्याच तालुक्यातली म्हादई मात्र पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्र गाठते. एकाच तालुक्यावर पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो! परीक्षेत हे लिहून गुण मिळतात. पण ज्या डोंगररांगांमुळे ही वाटणी होते त्या डोळ्यांसमोर असल्या म्हणजे ते पटते. भूगोलाचा असा वर्ग चार भिंतींत भरत नाही.

माझा कन्नड विभागातला एक मित्र चढणीवर घाई करणाऱ्याला ‘निधान, निधान’ म्हणून थांबवतो. आम्ही ‘दमानं’ म्हणतो, त्याच अर्थाने. गंमत अशी की मराठीत निधान म्हणजे ठेवा. दोन्ही अर्थ एकत्र केले तर चढणीचा सारा उपदेश त्या एका शब्दात येतो. आपल्या मासिकाचे दोन विभाग एका बांधणीत येतात, पण दोन्हींचे वाचक एकत्र क्वचितच बसतात. चढणीवर मात्र दम दोघांनाही सारखाच लागतो आणि पाण्याची बाटली मागायला कोणाला व्याकरण आडवे येत नाही.

आता खरा मुद्दा. ही सकाळ आज मिळते कोणाला? ज्याच्याकडे दुचाकी आहे आणि ज्याला घरी कोणी ‘कोठे चाललास?’ विचारत नाही, त्याला. माझ्या वर्गातल्या किती मुलींना अंधारात घराबाहेर पडून गडावर जाण्याची परवानगी मिळेल? मी विचारून पाहिले. ‘कॉलेजातर्फे असेल तर बाबा सोडतील,’ हे उत्तर जवळजवळ सगळ्यांचेच. म्हणजे डोंगर सर्वांचा असला तरी पहाट मात्र निम्म्या वर्गाचीच! हा दोष मुलींचा नव्हे, आणि पालकांच्या काळजीलाही मी हसणार नाही. ती काळजी दूर करणे कॉलेजला सहज जमेल.

म्हणून प्राध्यापकांना माझी विनंती आहे. प्रत्येक सत्रात एक रविवार या कामी द्यावा. दोन्ही विभागांची मुले-मुली, एक इतिहासाचे, एक भूगोलाचे आणि एक वनस्पतिशास्त्राचे अध्यापक असावेत. पायथ्यापर्यंत बसने, पुढे सर्वांनी पायी. फोन पिशवीत, स्पीकर घरी. खाल्लेल्या पुड्यांचा कागद आपल्याच खिशातून परत यावा. दहाच्या आत सगळे आपापल्या घरी पोहोचतील. याला मोठा निधी लागत नाही, पाहुणे लागत नाहीत, हार-तुरेही लागत नाहीत. स्नेहसंमेलनाच्या मांडवावर होणाऱ्या खर्चाचा लहानसा भागही पुरेल.

गड शेकडो पावसाळे तेथे उभा आहे. त्याला आपली घाई नाही. आपली कॉलेजची वर्षे मात्र तीनच, म्हणजे सत्रे सहा. त्यांतले एक हे अंक हाती येईपर्यंत सरलेले असेल.