जुन्या चिजा, नव्या चाली

संगीत विद्यालयात जुन्या चिजा घोकण्यात वर्षे का दवडावीत, नव्या चाली का रचू नयेत, असे काहीजण विचारतात. पुण्यात १९११ साली भारत गायन समाज स्थापन करणाऱ्या भास्करबुवा बखले यांच्याकडे त्यांनी पाहावे. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या तीन गुरूंपाशी बुवांनी बंदिशी कंठस्थ केल्या. पुढे १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकाला त्यांनी चाली दिल्या, त्यांतील कित्येक त्या बंदिशींवरच उभ्या आहेत. आणि रसिक त्या अद्याप आवडीने गातात! स्वरलिपीची वही उपयोगाची खरी. परंतु ती चिजेचा सांगाडा तेवढा दाखविते. एका स्वरावरून दुसऱ्यावर कसे ओघळावे, समेवर कसे यावे, हे गुरुमुखातूनच कळते. बुवांचे शिष्य मास्टर कृष्णराव यांनी आधी अशीच तालीम घेतली; पुण्याच्या प्रभात कंपनीच्या ‘माणूस’ या १९३९ च्या बोलपटाला चाली दिल्या, त्या नंतर.