पहारेकऱ्याला लेखी हुकूम हवाच

ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीतून एक बातमी आली. संरक्षण मंत्रालय इंटरनेटला जोडलेल्या आपल्या संगणकांवरून विंडोज काढून 'माया' ही देशात तयार झालेली प्रणाली बसवणार. माया उबुंटूच्या पायावर उभी आहे. उबुंटू हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर, म्हणजे त्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, तपासता आणि सुधारता येतो. सरकारी कामात अशा सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण केंद्राने २०१५ मध्येच जाहीर केले होते. दिशा योग्य आहे. पण कोड खुला असणे आणि तो सुरक्षितपणे कसा वापरायचा हे समजेल असे लिहिलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीकडे आपण फार कमी लक्ष देतो, असे माझे मत आहे.

लिनक्सवर चालणाऱ्या प्रणालींत पहारा देणाऱ्या यंत्रणा आधीपासून आहेत. उबुंटूमध्ये ॲपआर्मर असते, इतर काही प्रणालींत एसईलिनक्स. त्यांचे काम सोपे आहे: कोणत्या प्रोग्रॅमने कोणत्या फाइलला हात लावायचा, हे ठरवून देणे. मेसच्या स्वयंपाक्याला शस्त्रागारात प्रवेश नसतो, तसेच हे. मग एखादा प्रोग्रॅम घुसखोराच्या हाती पडला, तरी नुकसान त्याच्या हद्दीपुरते राहते.

प्रत्यक्षात काय होते? नवीन प्रोग्रॅम चालत नाही. पहारेकऱ्याने त्याला अडवलेले असते. संगणक सांभाळणारा माणूस घाईत असतो. मूळ माहिती तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी लिहिलेली, तिच्यातून त्याला वाट सापडत नाही. मग शोधाशोध केल्यावर सर्रास मिळणारा सल्ला तो ऐकतो: यंत्रणाच बंद करा. प्रोग्रॅम चालू लागतो, सगळे खूश होतात आणि दरवाजा कायमचा उघडा राहतो. नोंदवहीत नेमकी कोणती फाइल अडली ते पाहून तेवढीच परवानगी देता आली असती. पण ते चार ओळींत, उदाहरणासह, त्याला कुठे सापडले नाही.

दुसरे उदाहरण आणखी बोलके आहे. इंटरनेटवरून माहिती आणण्यासाठी प्रोग्रॅमर 'कर्ल' नावाचे ओपन सोर्स साधन वापरतात. समोरचा सर्व्हर खरोखर तोच आहे ना, हे किती तपासायचे ते त्यात एका आकड्याने ठरवता येई. २ दिला तर पूर्ण तपासणी. १ दिला तर प्रमाणपत्रावर काहीतरी नाव आहे एवढेच पाहिले जाई, ते नाव योग्य आहे का हे नाही. अनेकांनी आकड्याऐवजी 'ट्रू', म्हणजे 'होय', असे लिहिले. संगणक 'होय'चा अर्थ १ घेतो! २०१२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना ही चूक ऑनलाइन पैसे देण्याघेण्याच्या कोडमध्येही आढळली. माहिती कुठेच नव्हती असे नाही. पण जिथे हात चुकतो तिथेच ठळक इशारा नव्हता.

सैनिकी शाळेत हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको. पहारा बदलताना चार्ज देणारा फक्त बंदूक हातात देऊन निघून जात नाही. काय राखायचे, कोणाला सोडायचे, काही घडले तर कोणाला कळवायचे, हे सांगूनच जातो. आपल्या इतिहासातही याचा उत्तम नमुना आहे. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त गडाच्या पाण्याचा विचार केला आहे. गडावर झरा असला तरी त्या एकावर विसंबू नये, टाकी बांधावीत; कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झऱ्यांचे पाणी कमी होते. नियमासोबत त्याचे कारण दिले आहे. कारण माहीत असलेला किल्लेदार नियम सहजासहजी मोडत नाही.

कोणी म्हणेल, सगळे लिहून ठेवले तर शत्रूच्या हाती आयते पडेल. या शंकेला ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये फ्रान्समधील एका लष्करी नियतकालिकात उत्तर दिले होते: पद्धत शत्रूला कळली तरी चालेल, किल्ली मात्र गुप्त राहिली पाहिजे. यंत्रणा कशी चालते हे खुले असावे. आपले पासवर्ड, आपल्या नेटवर्कचा नकाशा, आपली मांडणी बंद ठेवावी.

सर्ट-इन या दिल्लीतील केंद्रीय संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी कशी ठेवावी, याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. पाऊल चांगले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे'तील त्रुटी उघड झाली, तेव्हा ते आपल्याकडे कुठे कुठे वापरले आहे हेच जगभर अनेक संस्थांना चटकन सांगता आले नव्हते. पण यादी म्हणजे कोठारातील सामानाची नोंद. ते वापरण्याचे हुकूम वेगळे लागतात. म्हणून सरकारी सॉफ्टवेअर स्वीकारताना पाच प्रश्नांची लेखी उत्तरे मागावीत. ही यंत्रणा कोणता हल्ला रोखते? कोणता रोखत नाही? बसवल्याबरोबर ती चालू असते की बंद? तिने चांगले काम अडवले तर नेमके काय करायचे? आणि ही माहिती कोणत्या आवृत्तीची, कोणत्या तारखेची आहे? उत्तरे नसतील तर काम अपुरे समजावे.

कॅडेट मित्रांनो, यात तुम्हालाही काम आहे. लॅबमध्ये शिक्षकांच्या देखरेखीखाली, वापरात नसलेल्या संगणकावर ॲपआर्मरची माहिती वाचून एकेक पायरी करून पाहा. जिथे अडलात ती जागा लिहून काढा आणि दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवा. असे प्रकल्प सुधारणा स्वीकारतात. मराठीत, हिंदीत समजावून लिहा. पालकांनीही मुलगा किंवा मुलगी कोड न लिहिता माहिती लिहीत बसली, तर त्याला कारकुनी समजू नये. पहारेकरी कितीही शूर असला, तरी त्याला हुकूमच कळला नाही तर चौकी राखली जात नाही.