राजाची गादी गेली, रयतेची भूक कधी जाणार?

कोळ्याच्या पोराने राज्य करावे, हे पुष्कळांच्या पोथीत बसत नाही. परंतु जुन्या ठाणे जिल्ह्याच्या डोंगरात महादेव कोळ्यांच्या मुकणे घराण्याने जव्हारची गादी सहाशे वर्षे राखली, हे कोणत्या पोथीने झाकणार? मूळ पुरुष जायबा याने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली व कातड्याच्या वाद्या कापून मोठा मुलूख वेढला, अशी दंतकथा आहे. त्याच्या मुलाची नेमशहा ही पदवी १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने मान्य केली.

या घराण्याचे शेवटचे राजे यशवंतराव, म्हणजे पाचवे पतंगशहा. जन्म १९१७ चा. गादी पोरवयातच मिळाली. राज्य अवघे ३१० चौरस मैलांचे. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात गेले. जर्मनीतल्या लहानसहान ड्यूकांच्या गाद्या १९१८ साली क्रांतीने उलथल्या. जव्हारची गादी १९४८ साली मुंबई प्रांतात शांतपणे विलीन झाली. पुढे १९६२ साली हेच राजे भिवंडीतून लोकसभेवर निवडून गेले. काल रयत ज्यांना मुजरा करी, ते आज त्याच रयतेपुढे मतासाठी हात जोडून उभे राहिले. आमच्या मते त्यांच्या चरित्रातले हेच पान सर्वांत मोलाचे. १९७८ साली ते वारले.

पण रयतेचे काय? राजा गेला, तनखे १९७१ साली बंद झाले, तरी १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत पोरे कुपोषणाने मेली. त्या वेळी गादीवर राजा नव्हता. राज्य आपलेच होते. तेव्हा दोष कोणा पतंगशहाच्या माथी मारून आपली सुटका नाही.

आजही दिवाळी सरली की तिकडची बिऱ्हाडे भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यात हंगाम सरतो, आणि पोरांची शाळा बुडते. ठाणे-डोंबिवलीच्या कित्येक भिंतींत त्यांचाच घाम मुरला आहे.

शेतकरी-कारागीर बंधूंनो, मुजरा गेला व मत आले, हे खरे. पण मत मागणाऱ्याला भट्टीवरच्या पोराची शाळा, गावातले रोजगार हमीचे काम आणि अंगणवाडीतला घास यांचा जाब विचारल्यावाचून त्या मताची किंमत मुजऱ्याहून अधिक ठरणार नाही.