ख्रिस्तपुराण वाचताना कुंकळ्ळी

मराठीच्या वर्गात फादर थॉमस स्टीफन्स येतात ते बहुधा मराठीच्या स्तुतीपुरतेच. परदेशी धर्मोपदेशकाने आपल्या भाषेला फुलांची उपमा दिली, या कौतुकात तास संपतो. कौतुक खोटे नाही. पण सुमारे अकरा हजार ओव्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'मागे (१६१६) जे घडले ते त्याखाली झाकले जाते, असे आमचे मत आहे.

स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे बरेचसे आयुष्य साष्टीत गेले. त्याच साष्टीत, १५८३ च्या जुलैत, क्रूस उभारण्यासाठी व चर्चची जागा पाहण्यासाठी कुंकळ्ळीला गेलेल्या पाच जेझुइटांना ग्रामस्थांनी ठार केले. अकबराच्या दरबारातून नुकतेच परतलेले रोदोल्फो आक्वाविवा त्यांत होते. ग्रामस्थांचा क्रोध आकाशातून पडला नव्हता. साष्टीतील देवळे त्याआधीच जाळली गेली होती. पाचांचे देह मिळवून स्टीफन्सनी त्यांचे दफन केले. पुढे पोर्तुगीज सत्तेने गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि चौकशीविना मारले. पाच जेझुइटांना १८९३ साली पोपने धन्य घोषित केले. त्या गावप्रमुखांचे स्मारक उभे राहण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

सुवार्ता सर्वांना सांगा आणि वाइटाला चांगुलपणाने जिंका, या दोन्ही आज्ञा एकाच नव्या करारातल्या. साष्टीत पहिलीसाठी सत्तेचा हात धरला गेला आणि दुसरी मागे राहिली. ज्याच्या हाती तलवार आहे त्याने दयेचा उपदेश केला, तर तो ऐकणाऱ्याने कोणत्या कानाने ऐकावा?

हा प्रश्न स्टीफन्सना टाळता आला असता. त्यांनी तो टाळला नाही, आणि म्हणूनच ते आम्हांस मोठे वाटतात. पुराणाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण त्यांना विचारतो : आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी तसेच काही आम्हांला का देत नाही? पराभूताचे गाऱ्हाणे कवीने आपल्याच काव्यात, गाऱ्हाणे करणाऱ्याच्याच ओवीत नोंदवले. ही निव्वळ प्रचाराची युक्ती होती, असे कोणी म्हणेल. युक्ती होतीच, शिवाय इतर दैवतांविषयी याच ग्रंथात कठोर शब्द आहेत, तेही विद्यार्थ्यांपासून लपवू नयेत. परंतु मन वळवू पाहणाऱ्याला आधी समोरच्याची भाषा शिकावी लागते, त्याचे दुःख निदान शब्दशः ऐकावे लागते. किल्ल्यातल्या मारेकऱ्यांना त्याची गरज पडली नाही.

सत्तेला मात्र ही वाटही फार काळ रुचली नाही. १६८४ साली स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम निघाला. 'ख्रिस्तपुराणा'ची तिसरी आवृत्ती १६५४ सालची. त्यानंतरची छापील आवृत्ती निघाली ती गोव्याबाहेर, मंगळुरात, १९०७ साली.