जालन्यात 'व्हिडिओ गेम' कोणी आणला?

आपल्याकडे व्हिडिओ गेमचा इतिहास सांगणारे अधिकृत वितरणाच्या तारखा मोजत बसतात : 1995 मध्ये शॉ वॉलेसने विकायला घेतलेला सेगा, 2006 चा एक्सबॉक्स 360, 2007 चा प्लेस्टेशन 3. यादी बरोबर आहे; फक्त तिच्यात जालना जिल्हा मावत नाही. सेगाच्या यंत्राची किंमत होती 18,000 रुपये. सळ्यांच्या कारखान्यात राबणारा कामगार तेव्हा ते घेणार होता काय?

मराठवाड्याच्या बाजारपेठांत पोहोचली ती निन्टेन्डोच्या 1983 सालच्या फॅमिकॉमची विनापरवाना नक्कल. 'बनावट' या एका शब्दात समीक्षक तिची बोळवण करतो. पण तिने भाषेत काय केले, हे तरी पाहावे! जिच्यात फीतच नाही त्या डबीला 'कॅसेट' हे नाव मिळाले आणि अख्ख्या यंत्राला 'व्हिडिओ गेम'. 1985 सालच्या 'सुपर मारिओ'त डाव साठवण्याची सोय नाही. भारनियमनात वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. मूळ रचनाकारांनी न घातलेला हा नियम इथल्या खेळाचा भाग झाला. तारखांच्या यादीत तो कसा दिसावा?

देशीवाद्यांनी मात्र लगेच हुरळून जाऊ नये. '9999 इन 1' कॅसेटमध्ये मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. ही उघड फसवणूक होती, आणि गिऱ्हाईक बहुधा शाळकरी पोर.

चर्चासत्रांतून 'लोकप्रिय संस्कृती'वर निबंध वाचणाऱ्यांनी एकदा अंबड-भोकरदनच्या जुन्या टीव्ही-मेकॅनिकांना विचारावे : अडॅप्टर जळाला की पोरे कोणाकडे येत?